काकू, किती वॉटचा घेऊ?

वरच्या मजल्यावरच्या मुलाने परवा जिन्यातच गाठलं. माशांची दोन फुटी टाकी घेतलीय, मिठाचं पाणी तयार आहे, दगड रचून झालेत, टाकीतलं पाणी महिनाभर फिरतंय आणि आता कोरल (प्रवाळ) आणायची घाई झालीय. "काकू, दिवा किती वॉटचा घेऊ?" म्हटलं, आधी घरी ये, चहा घे आणि वॉट हा शब्द दाराबाहेर ठेव. दीड तास बसला होता. त्याला जे सांगितलं तेच इथे लिहून काढतेय, कारण हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी येतो.

मी नाटकांच्या लाइट्स करते. कॉलेजात पुरुषोत्तमच्या वेळी भरत नाट्य मंदिरात डिमरवर बसले, ती अजून उठलेली नाही. सहकारनगरच्या घरात तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशी खाऱ्या पाण्याची टाकी आहे, साधारण १८० लिटरची. सहा वर्षं झाली तिला. उभा जन्म उजेडात गेलेला असूनही पहिल्या महिन्यातच मी माझी कोरल भाजून काढली होती, ते आधी सांगते.

पहिला दिवा घेतला तो १६५ वॉटचा एलईडी. काळ्या पत्र्याचा डबा, आत ५५ दिवे, निळ्यांना एक बटण, पांढऱ्यांना एक. दुकानदार म्हणाला, "असू दे मॅडम, कमी पडायला नको." मलाही पटलं, कारण आमच्याकडे उजेड कमी पडला की दिग्दर्शक अंधारातून ओरडतो, जास्त झाला तर कुणी काही बोलत नाही. पाण्यापासून वीतभर उंचीवर टांगला, दोन्ही बटणं पूर्ण, सकाळी दहा ते रात्री दहा. टाकी झकास दिसायची. चौथ्या दिवशी जांभळं मशरूम, म्हणजे त्या नावाचं मऊ कोरल, आक्रसून सुपारीएवढं झालं. आठवड्याने ते फिकट गुलाबी पडलं, मग दगडावरून सुटलं आणि पंपाच्या जाळीला जाऊन चिकटलं. झोआन्थिड नावाचे दुसरे कोरल तर उघडेचनात, सगळे कळ्यांसारखे मिटून बसलेले. आणि मी काय समजावं? उजेड कमी पडतोय! दिवा आणखी दोन इंच खाली आणला.

कोरल हा प्राणी आहे, पण त्याच्या पेशींत सूक्ष्म शेवाळ राहतं, झूझॅन्थेली नावाचं. ते उजेडावर अन्न बनवतं आणि त्यातलं बरंचसं यजमानाला देतं. काही जातींची ९० टक्क्यांपर्यंत ऊर्जा अशी मिळते. उजेड प्रमाणाबाहेर गेला, त्यात पाणी तापलेलं असलं, की हेच शेवाळ कोरलला घातक अशी ऑक्सिजनची रूपं तयार करायला लागतं आणि कोरल त्याला बाहेर काढून टाकतं. रंग जातो तो त्यामुळे. मग ते उपाशी पडतं. उजेड कमी असेल तर कोरल हळूहळू तपकिरी होतं, आठवडेच्या आठवडे तग धरतं, तुम्हाला चूक सुधारायला वेळ देतं. जास्त झाला तर चार दिवसांत निकाल. म्हणून दिवा निवडताना "कमी पडायला नको" ही भीती मनातून काढून टाका.

वॉटने काय कळतं? विजेचं बिल. १०० वॉटचा दिवा रोज नऊ तास चालला तर महिन्याला २७ युनिट. (आमच्या सासूबाईंच्या मते त्यांच्या समईला वर्षभर लागतं त्याहून जास्त तेल हिच्या माशांना महिन्यात लागतं.) त्या १०० वॉटमधून कोरलपर्यंत किती पोचलं हे भिंगावर, उंचीवर आणि पाण्याच्या खोलीवर ठरतं. खोक्यावर लिहिलेला केल्विनचा आकडा फक्त छटा सांगतो: ६५०० म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा पांढरा, १४००० किंवा २०००० म्हणजे निळसर. आमचा रंगमंचावरचा हॅलोजन ३२०० केल्विनचा, पिवळा-तांबडा. नटाच्या चेहऱ्याला छान, कोरलला जवळजवळ निरुपयोगी.

याचं कारण पाण्यात गेल्यावर कळतं. मालवणला स्नॉर्केलिंग केलं तेव्हा माझ्या मनगटावर लाल दोरा होता. पाण्याखाली जरा खोल गेल्यावर बघते तर दोरा मळका तपकिरी. पाणी लाल रंग पहिल्या काही मीटरांतच गिळून टाकतं. स्वच्छ समुद्रात सगळ्यात खोल जातो तो निळा. कोरलमधलं शेवाळ पिढ्यान्‌पिढ्या त्या निळ्यावर जगलंय, म्हणून चांगल्या दिव्यात साधारण ४२० ते ४६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या पट्ट्यातले निळे-जांभळे एलईडी भरपूर असतात. पांढरा थोडा हवाच, नाहीतर टाकी डान्स बारसारखी दिसते. लाल-हिरवे चॅनेल, म्हणजे एकाच बटणावर चालणारे त्या रंगाचे दिवे, असतील तर ते आपल्या डोळ्यांसाठी; मी ते पाच टक्क्यांच्या वर नेत नाही.

आता माझ्या धंद्याने मला फसवलं ते इथे. माणसाचा डोळा सगळ्यात तीक्ष्ण असतो हिरव्या-पिवळ्याला, ५५५ नॅनोमीटरच्या आसपास. ४५० च्या निळ्याला तो जवळजवळ आंधळा. म्हणजे निळ्या दिव्याखालची टाकी आपल्याला अंधूक वाटते, तेव्हा कोरलच्या डोक्यावर भर दुपारचं ऊन असू शकतं. फोनमधलं लक्समीटर अ‍ॅप याच कारणाने कुचकामी. लक्स हे एकक डोळ्याच्या हिशेबाने बांधलेलं आहे. सूर्यप्रकाशात लक्सला ५४ ने भागलं की बऱ्यापैकी अंदाज येतो, पण तोच भागाकार मी माझ्या निळ्या दिव्याखाली केला तेव्हा फोन जेमतेम ३० म्हणाला आणि खऱ्या मीटरने त्याच जागी ९० दाखवले.

हा खरा मीटर म्हणजे पार मीटर. नाटकवाल्यांनो, आपला बारवर (दिवे लावायच्या आडव्या पाइपवर) टांगलेला पार कॅन दिवा नव्हे! इथे पार म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले, प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारे कण एका चौरस मीटरवर सेकंदाला किती पडतात त्याचं माप, मायक्रोमोलमध्ये. भर दुपारच्या उन्हात ते २००० च्या घरात जातं. हा मीटर महाग असतो आणि एकदा टाकी बसली की वर्षातून दोनदाच लागतो, तेव्हा एकट्याने घेऊ नका. आम्ही पाच-सहा टाकीवाल्यांनी वर्गणी काढून एक घेतला. तो गणपतीच्या वर्गणीच्या डब्यासारखा घरोघर फिरतो. घेताना पाण्यात बुडवता येणारा सेन्सर असलेलाच घ्या, आणि पाण्याखालची दुरुस्ती मीटर स्वतः करतो की आकडा आपल्याला गुणावा लागतो ते माहितीपत्रकात बघा. हवेसाठी बनवलेला सेन्सर पाण्यात कमी दाखवतो.

आकडे किती हवेत? मशरूमना ३० ते ८० पुष्कळ. ग्रीन स्टार पॉलिप आणि झोआन्थिड ६० ते १५० मध्ये खूश. लेदर कोरलला, म्हणजे छत्रीसारखं दिसतं ते, ८० ते १५०. मोठ्या मांसल पॉलिपची (पॉलिप म्हणजे कोरलमधला एकेक तोंडाचा जीव) दगडी कोरल, हॅमर, टॉर्च वगैरे, ७५ ते १५०. बारीक पॉलिपची, अ‍ॅक्रोपोरासारखी, २०० ते ३५०. दिव्यांचे तडाखेबंद व्हिडिओ तुम्ही बघता ते बहुतेक या शेवटच्या गटासाठी बनवलेले असतात, आणि तिथेच आपल्याकडची गल्लत सुरू होते.

कारण आपल्याकडे दगडी कोरल हा कायद्याचा विषय आहे. सगळी स्क्लेरॅक्टिनियन, म्हणजे दगडी, कोरल, काळी कोरल, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि समुद्रपंखे २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. मालवणच्या किंवा अंदमानच्या किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडासुद्धा खिशात घालून आणायचा नाही. परदेशातून आलेल्या कोरलला वेगळी कागदपत्रं लागतात. दुकानदार ती दाखवत नसेल तर मी तिथून निघते. माझ्या टाकीत मशरूम, झोआन्थिड, लेदर आणि स्टार पॉलिप एवढंच आहे. तुमचंही तसंच असेल तर तुम्हाला टाकीत जागेनुसार ३० ते १५० पार हवेत. ते साध्या, मध्यम दिव्याने होतं. अ‍ॅक्रोपोराचा दिवा आणून मशरूमवर लावणं म्हणजे बालगंधर्वचे सगळे बार एका एकपात्रीवर पेटवणं.

त्या मुलाने विचारलं, "मग मी नक्की काय बघून घेऊ?"

आधी टाकीची लांबी-रुंदी बघ, म्हटलं. एक एलईडी साधारण दोन फूट बाय दोन फुटांचा चौकोन नीट उजळतो. त्याच्या दोन फुटीला एक पुरे. माझ्या तीन फुटीला एकच दिवा मधोमध होता तेव्हा वाळूवर मधे ११० यायचे आणि दोन्ही कोपऱ्यांत ३० च्या आसपास. त्याला आम्ही हॉट स्पॉट म्हणतो. नट दोन पावलं बाजूला सरकला की तोंड काळं. एक जोरकस दिवा घेण्यापेक्षा दोन मध्यम दिवे घेऊन दोघांना अर्ध्यावर चालवलं की उजेड सारखा पसरतो. दगडाखालची काळी सावलीही फिकी होते, कारण दोन दिशांनी प्रकाश येतो. हा नाटकाचा पहिला धडा आहे, आणि तरी टाकीसाठी मला तो तीन वर्षांनी आठवला.

मग भिंगाचा कोन. ९० अंशाचं भिंग उजेड एकवटून खोल पाठवतं. १२० अंशाचं पसरवतं. दीड फूट उंच टाकीला पसरट बरं. दोन-अडीच फूट उंच असेल तर अरुंद लागेल. उंची पाण्यापासून २० ते २५ सेंटीमीटर ठेवून सुरुवात करा. वर नेलात की मधला आकडा उतरतो, कोपऱ्यांचा चढतो, थोडा उजेड टाकीबाहेर सांडतो. म्हणून दिवा दोऱ्यांवर टांगलेला असावा, वर-खाली करता येईल असा. काचेवर कायमचा बसवणारा स्टँड मी घेत नाही.

आणि डिमर. प्रत्येक चॅनेल वेगळा मंद करता येत नसेल तो दिवा फुकट मिळाला तरी नको. पन्नास टक्क्यांवर ठेवलं म्हणजे पार बरोबर निम्मा होतो असंही समजू नका, प्रत्येक दिव्याचा डिमर आपल्या मर्जीने चालतो.

टी-फाइव्ह ट्यूबबद्दल विचाराल तर मला त्या मनापासून आवडतात. आमच्या रंगमंचावरच्या फ्लड दिव्यासारखा सपाट, शांत उजेड, सावल्या नाहीत. पण दर नऊ ते बारा महिन्यांनी ट्यूब बदलाव्या लागतात, आणि कोरलसाठीच्या निळ्या ट्यूब मिळवता मिळवता जीव जातो. तपकीर गल्लीत माझ्या चकरा झाल्या आहेत. दिव्यांचं जग मिळतं तिथे, ही ट्यूब नाही मिळाली. मेटल हॅलाइड दिव्यांचं नावही काढू नका, पुण्याच्या उन्हाळ्यात तर नाहीच.

उन्हाळ्यावरून आठवलं. एप्रिल-मे महिन्यात आमच्या घरात दुपारी ३४-३५ अंश होतात आणि टाकी २६ च्या आसपास हवी. दिव्याचा जवळजवळ प्रत्येक वॉट शेवटी उष्णताच होतो. आणि वर म्हटलं तसं, तापलेल्या पाण्यात तोच उजेड कोरलला जास्त बाधतो. चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र, असेल तर प्रश्न मिटला. माझ्याकडे नव्हता तेव्हा मी दोन गोष्टी केल्या. पाण्याच्या पृष्ठभागावर वारा मारणारे दोन छोटे पंखे लावले; आपला उन्हाळा कोरडा, त्यामुळे बाष्पीभवनाने दोन-तीन अंश सहज उतरतात. मात्र रोज तीन-चार लिटर पाणी उडून जातं आणि ते आरओच्या गोड्या पाण्यानेच भरायचं, मीठ काही उडत नाही. जूनमध्ये हवा दमट झाली की पंख्यांचा जोर ओसरतो, पण तोवर उकाडाही ओसरलेला असतो. दुसरी गोष्ट फुकटची: दिव्याची वेळ सरकवली. एरवी दुपारी १२ ते रात्री ९, मे महिन्यात ४ ते १२. कोरलला आपल्या घड्याळाशी देणंघेणं नाही. प्रयोग संपवून अकराला घरी येते तेव्हा टाकीत अजून संध्याकाळ असते, हा वरचा फायदा.

एकूण आठ-नऊ तास पुरतात. पहिला तास हळूहळू चढता, शेवटचा उतरता. खिडकीतल्या उन्हात टाकी ठेवून वीज वाचवायचा विचार करू नका. पश्चिमेची खिडकी असेल तर पडदाच लावा. तो उजेड तुमच्या डिमरला जुमानत नाही, पाणी तापवतो आणि काचेवर शेवाळ वाढवतो.

दिवा घरी आला की पहिल्या दिवशी काय करायचं ते त्या मुलाला मी कागदावर लिहून दिलं. सगळे चॅनेल तीस-पस्तीस टक्क्यांवर. मीटरचा सेन्सर पीव्हीसी पाइपच्या तुकड्याला रबरबँडने बांधायचा, तोंड वर, आणि वाळूवर दर वीतभर अंतरावर आकडा घ्यायचा. मग दगडाच्या माथ्यावर, मग मधल्या कपारींत. मापताना वेव्हमेकर (पाणी हलवणारा पंप) बंद ठेवा, लाटांनी आकडा नाचतो. आपल्या हाताची सावली पडू देऊ नका. टाकीचं चित्र काढून त्यावर आकडे लिहा. माझा तो कागद टाकीच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय, क्यू शीटसारखा: कुठला चॅनेल किती, उंची किती, कधी बदललं. या नकाशावरून कोरलची जागा ठरते. चाळिशीतला कोपरा मशरूमचा. शंभराचा माथा लेदरचा. म्हणजे कोपऱ्यात उजेड कमी आहे म्हणून रडायचं कारण नाही, तिथे कमी खाणारा पाहुणा बसवायचा.

नवं कोरल आणलं की दुकानात ते कुठल्या दिव्याखाली, किती खोल होतं ते विचारा. काहीही उत्तर आलं तरी पहिले दोन आठवडे खाली वाळूवर, बाजूला ठेवा. मग जागेवर. दिवा वाढवायचा तर आठवड्याला पाच टक्के, त्याहून जास्त नाही, आणि त्याच आठवड्यात खाणं, मीठ, पंप यातलं दुसरं काही बदलू नका. नाहीतर कशाने काय झालं कधीच कळत नाही. दर रविवारी एकाच वेळी एक फोटो. निळ्या उजेडात फोन गोंधळतो आणि सगळं जांभळं येतं, त्यावर माझ्याकडे घरचा उपाय आहे: अंबर जिलेटिनचा (नाटकाच्या दिव्यासमोर लावायच्या पिवळसर पारदर्शक कागदाचा) तुकडा कापून कॅमेऱ्यावर धरते. रंगमंचावरचं उरलेलं जिलेटिन कुठे कामाला येईल सांगता येत नाही.

कोरल काय म्हणतंय ते वाचायलाही शिकावं लागतं. झोआन्थिड माना लांब करून वर ताणत असतील तर त्यांना उजेड हवाय. मशरूम घावनासारखं पातळ पसरलं तरी तेच. रंग फिका पडत चालला, कडा वळल्या, भर उजेडात मिटून बसलं आणि सावलीतलं भावंड मात्र उघडं आहे, तर जास्त होतोय. तेव्हा थेट दहा टक्के कमी करा, तिथे हळूहळूचा नियम नाही.

एका गोष्टीला मात्र फसू नका. माझं लेदर एकदा अचानक मिटलं. सगळे पॉलिप आत, अंगावर मेणचट चकाकी, जणू कुणी वरून पातळ साय पांघरलीय. मी उजेड कमी केला, मग वाढवला, जागा बदलली, पाण्याची चाचणी तीनदा केली. सातव्या दिवशी पाहिलं तर ती साय एका कडेने सुटून प्रवाहात फडफडत होती, कात टाकल्यासारखी, आणि तिच्याखालून नवे कोरे पॉलिप डोकावत होते. लेदर अधूनमधून असं करतंच. त्याला फक्त जरा जास्त प्रवाह आणि मालकिणीची गप्प बसण्याची तयारी लागते.

निगा फारशी नाही. भिंगावर मिठाचा पांढरा थर बसतो आणि तो गुपचूप उजेड खातो. आठवड्याने ओल्या फडक्याने पुसा, दिवा बंद करून, गार झाल्यावर. टाकीवर काचेचं झाकण असेल तर तेही. दिव्याच्या आतल्या पंख्यात शेजारच्या बांधकामाची धूळ जाते, दर दोन महिन्यांनी ब्रशने झाडा. टाकीच्या सगळ्या प्लगना ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हवाच, खाऱ्या पाण्याशी थट्टा नको. आणि प्रत्येक वायर बोर्डाकडे जाण्याआधी खाली झोळ देऊन न्या, म्हणजे ओघळणारं पाणी झोळातून टपकेल, प्लगमध्ये जाणार नाही.

राहिला गुरुवार. आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते, कधी तास, कधी अख्खी दुपार. इन्व्हर्टरवर दिवा ठेवू नका, वेव्हमेकर ठेवा. एक दिवस उजेड नाही मिळाला तर कोरलचं काही बिघडत नाही, पाणी हललं नाही आणि प्राणवायू संपला तर माशांसकट सगळं जातं. लाईट आली की टायमरकडे एक नजर टाका. स्वस्त टायमरचं घड्याळ तेवढा वेळ थांबलेलं असतं आणि मग तो आपला तीन तास उशिरा चालतो. माझ्याकडे एकदा रात्री साडेबाराला सासूबाई पाणी प्यायला उठल्या नि मला हलवून म्हणाल्या, "अगं, तुझ्या टाकीत अजून दुपार चाललीय."